‘वय झालं होतं’ म्हणून सोडून देऊ नका

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. कालकथितांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली जाते, वंदना होते, दोन-चार माणसे आठवणी सांगतात. मग बाहेर चहा घेताना कुणीतरी विचारते, “काय झालं होतं?” उत्तर ठरलेले असते. “काही नाही, अटॅक आला.” नाहीतर, “वय झालं होतं.” वय विचारावे तर अठ्ठावन्न, साठ.

आमचे आजचे म्हणणे या उत्तराबद्दल आहे.

२०१४-१८ च्या सरकारी आकड्यांनुसार केरळात सरासरी आयुर्मान ७५.३ वर्षे होते, महाराष्ट्रात ७२.५, उत्तर प्रदेशात ६५.३ आणि छत्तीसगडमध्ये ६५.२. देश एकच, पण दहा वर्षांचा फरक. पण ७२ म्हणजे माणूस बहात्तराव्या वर्षी जातो, असे नाही. या सरासरीत तान्ह्या बाळांचे मृत्यूही धरलेले असतात. जो साठीपर्यंत पोचला, त्याला देशाच्या सरासरीने पुढे आणखी सुमारे १८ वर्षे मिळतात. म्हणजे साठीला गेलेला माणूस ‘वय होऊन’ गेलेला नसतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता. ते गेले तेव्हा ६५ वर्षांचे होते. त्यांचे वय झाले होते, असे आपण कधी म्हटले का? मग आपल्या आई-वडिलांबद्दल का म्हणतो?

आता कोणत्या आजाराने माणसे जातात, हेही बदलले आहे. १९९० मध्ये देशातल्या शंभरांतले सुमारे ३८ मृत्यू हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कॅन्सर, दमा अशा न पसरणाऱ्या आजारांनी होत. २०१६ मध्ये ते सुमारे ६२ झाले. बीपी आणि शुगर वर्षानुवर्षे आतून पोखरतात, दुखत काहीच नाही. मुकादम सुट्टी देत नाही, रोज बुडतो, म्हणून तपासणी राहते. गोळी सुरू झाली तरी ‘बरं वाटतंय’ म्हणून महिन्याभरात बंद होते. मग एक दिवस ‘अचानक’ अटॅक येतो. तो अचानक नसतो.

यात जातीचाही हिशेब आहे. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान अशा नऊ राज्यांतल्या आकड्यांवरून झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उच्चजातीय हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. गरिबीने या फरकाचा निम्माही उलगडा होत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. मग आपल्या वस्तीतली माणसे इतरांपेक्षा किती आधी जातात, हे कागदावर दाखवायचे कसे?

त्यासाठी आधी नोंद नीट हवी. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या शंभर मृत्यूंपैकी जेमतेम २२-२३ मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. म्हणून घरात मृत्यू झाला, तर दुःखातही एका जाणत्या माणसाने दोन गोष्टी कराव्यात. २१ दिवसांच्या आत नोंद करावी. आणि शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांच्याकडून कारणाचा दाखला घ्यावा. कायद्याने तो मोफत आहे. ‘हृदय बंद पडले’ एवढ्यावर थांबू नका. मरताना प्रत्येकाचेच हृदय बंद पडते. त्यामागे शुगर होती, बीपी होते की टीबी, हे लिहायला सांगा. नोंदीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे ‘बौद्ध’ असेच लिहा. तो रकाना रिकामा सोडू नका, दुसऱ्याला अंदाजाने भरू देऊ नका.

पण नोंद ही गेलेल्यांची. जे आहेत त्यांचे काय? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरांत जवळपास दहा माणसे साठीच्या पुढची होती. आता घरात मुले एक-दोनच असतात, तीही कामासाठी लांब. म्हातारपणी सांभाळायला चार सुना-लेकी असतील, हा काळ गेला. म्हणून म्हातारपण धडधाकट जावे, याची तयारी तिशीपासूनच हवी. आरोग्यवर्धिनी केंद्रात तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर मोफत तपासतात. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते काढून ठेवा.

आणि विहारात दर महिन्याच्या एका रविवारी वंदनेनंतर बीपीचे मशीन टेबलावर ठेवा. वस्तीतल्या नर्सताई, आशाताईंना बोलवा. एका वहीत नाव, वय, आकडा लिहा. पुरुषांना ओढून आणावे लागेल, आणि बाया ‘मला काय झालंय’ म्हणत मागे उभ्या राहतील. त्यांनाच आधी बसवा.

पुढच्या पुण्यानुमोदनाला “काय झालं होतं?” असे कुणी विचारले, तर आपल्याकडे खरे उत्तर असले पाहिजे. त्याहून बरे म्हणजे, तो कार्यक्रम पंधरा वर्षे पुढे गेला पाहिजे.