नाक्यावर वही घेऊन उभ्या राहणाऱ्या बाया



या वेळी आपल्या वस्तीपासून फार दूरची गोष्ट सांगणार आहे. पण वाचून झाल्यावर ती दूरची वाटणार नाही.

पॅलेस्टाईनचा वेस्ट बँक हा मुलूख इस्रायलच्या सैन्याने १९६७ च्या युद्धात घेतला, तो आजही त्याच्याच ताब्यात आहे. या मुलखात गावागावांच्या मध्ये आणि शहरांच्या वेशीवर लष्करी नाके आहेत. कुठे सैनिकांची कायमची चौकी, कुठे रस्त्यावर टाकलेले सिमेंटचे ठोकळे, कुठे मातीचा ढीग, कुठे लोखंडी फाटक. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ च्या सुरुवातीला मोजदाद केली तेव्हा असे ६४५ अडथळे भरले. पुढे त्यांत भरच पडली.

नाका म्हणजे काय, ते घरच्या हिशेबाने पाहा. पोराला शाळेत जायचे, म्हातारीला इस्पितळात न्यायचे, शेतकऱ्याला आपल्याच जैतुनाच्या झाडांपाशी जायचे, तरी मध्ये बंदूकधारी तरुण उभा. कागद दाखवा. परवाना आहे का? तो म्हणेल तर पुढे, नाहीतर मागे. काही बाया नाक्यावरच बाळंत झाल्या. बेथलहेमच्या नाक्यावर गवंडी, सुतार, रंगारी असे हजारो मजूर कित्येक वर्षे पहाटे तीन-चारपासून लोखंडी गजांच्या अरुंद बोळात खेटून उभे राहत. काम सातला सुरू होणार, म्हणून झोप अर्धीच.

या नाक्यांवर २००१ सालापासून काही बाया येऊन उभ्या राहतात. त्या पॅलेस्टिनी नाहीत. त्या इस्रायली ज्यू आहेत, म्हणजे ज्यांचे सैन्य त्यांच्याच समाजाच्या. त्यांच्या संघटनेचे नाव ‘मखसोम वॉच’. मखसोम हा हिब्रू शब्द, अर्थ नाका. तीन बायांनी सुरुवात केली, पुढे ही संख्या काही शेकड्यांवर गेली. त्यांत पुष्कळजणी पन्नाशी-साठी ओलांडलेल्या. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी आजी. कित्येकींची मुले-नातवंडे त्याच सैन्यात नोकरी केलेली, कारण तिथे लष्करी सेवा सक्तीची आहे.

त्या करतात तरी काय? दोघी-तिघी मिळून पाळीने जातात. छातीला बिल्ला, हातात वही. रांगेत किती माणसे आहेत, किती वेळ लागला, कोणाला बाजूला बसवून ठेवले, अधिकारी काय म्हणाला, सगळे टिपून घेतात. आजारी माणूस अडकला तर लष्कराच्या कचेरीत फोन लावतात. घरी येऊन अहवाल लिहितात आणि तो जगासाठी प्रसिद्ध करतात. सुरक्षा खात्याच्या काळ्या यादीत नाव गेल्याने ज्यांचा परवाना बंद झाला, त्यांचे अर्ज लिहून देण्याचे कामही त्यांच्यातल्या काहीजणी करतात. आम्ही कारकून माणसे. कागदावर एक नोंद नसली की माणसाचे काय हाल होतात, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

२००४ च्या नोव्हेंबरात नाब्लुसजवळच्या बेत इबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी तरुण सैनिकांपुढे व्हायोलिन वाजवताना त्यांच्यातल्या एकीला दिसला. तिने चित्रफीत घेतली. ती पाहून इस्रायलमध्येच खळबळ उडाली. नाझी छळछावण्यांत ज्यू वादकांना मारेकऱ्यांपुढे वाजवावे लागत असे, ती आठवण लोकांना झाली. सैन्याने पुढे आपला वेगळा खुलासा केला. पण त्या दिवशी ती बाई तिथे नसती तर खुलासा करण्याची वेळही आली नसती.

इस्रायल सरकारचे म्हणणे असे की, नाके सुरक्षेसाठी आहेत. २००० नंतरच्या उठावात आत्मघातकी हल्ल्यांत शेकडो इस्रायली नागरिक मेले, हे खरेच आहे. ते दुःख लहान लेखू नये. पण या बायांचा प्रश्न साधा आहे. कित्येक नाके इस्रायलच्या हद्दीवर नाहीतच, ते एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावाला जाणाऱ्या वाटेवर आहेत. तिथे कोणाचे रक्षण होते? आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये हा सारा ताबाच बेकायदेशीर असल्याचे मत दिले.

टीका दोन्हीकडून होते. स्वतःच्या समाजातले लोक त्यांना देशद्रोही म्हणतात. उलट काहीजण विचारतात, तुमच्या फोनाफोनीने एका आजाऱ्याला वाट मिळाली, पण नाका तर तसाच राहिला ना? उलट तो जरा माणुसकीचा दिसू लागला! हा प्रश्न त्या बाया स्वतःलाही विचारत आल्या आहेत. तरीही त्या जातात. नाका त्यांच्याने हलला नाही, पण ‘आम्हाला ठाऊकच नव्हते’ असे म्हणण्याची सोय त्यांनी आपल्या समाजाला ठेवली नाही.

बाबासाहेब १९३४ साली सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले होते. हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना दाराशी अडवले. शेवटी आत सोडले ते हत्यारबंद शिपाई सोबत देऊन, कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून! हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण बाबासाहेबांनी ते लिहून ठेवले. असे कितीजण कितीदा अडवले गेले असतील, त्यांची नोंद कुठे आहे?

आणखी एक गोष्ट मनाला लागते. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांत फिरताना अनुभव येतो की, सारे गाव पाहत असते, पण साक्षीला उभे राहायला पलीकडच्या आळीतला एकही पुढे येत नाही. महाडला सुरबानाना टिपणीस आणि बापूसाहेब सहस्रबुद्धे बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहिले, ते आपण अजून विसरलो नाही. आपल्याच माणसांविरुद्ध खरे बोलणे फार अवघड असते. या इस्रायली बाया ते पाळीपाळीने, वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत.

आणि आपण? ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने हल्ला केला, गाझात युद्ध पेटले आणि बहुतेक पॅलेस्टिनी मजुरांना इस्रायलमध्ये कामावर जाणे बंद झाले. त्या जागांवर २०२४ साली हरियाणा-उत्तर प्रदेशातून बांधकाम मजूर भरून नेले. त्या गरिबांच्या पोरांना मी दोष देणार नाही. पोट कोणाला सुटले आहे? पण ज्याच्या हातची थापी आपल्या हातात आली, तो घरी बसून काय खात असेल, एवढा विचार तरी मनात यावा. करुणा ही फक्त वंदनेत म्हणायची गोष्ट नाही.

माता-भगिनींना एक विनंती. आपल्या महिला मंडळात पाच-सहाजणींनी एक वही घालावी. रेशन दुकानात, सरकारी दवाखान्यात, पोलीस ठाण्यात कोणाला किती वेळ थांबवले, कोण काय बोलले, ते तारीख-वार-वेळ घालून लिहावे. आणि दुसऱ्या समाजातल्या बाईला आपल्या देखत कोणी अडवले, तर तिचीही नोंद त्याच वहीत करावी. आपली नोंद कोणी केली नाही म्हणून आपण रडलो. दुसऱ्याची करायला आपले काय अडले आहे?

जयभीम! नमो बुद्धाय!