खाडा

ठेकेदारानं गोदीत कागद डकवलाय : 'ताण आला? बोला.' कुणाशी बोलू? मुकादमाशी? तो जातीवरनं शिवी दिल्याशिवाय हाक मारत नाही. लागोपाठ दोन पाळ्या ओढून डोकं सुन्न झालं, झोप उडाली, म्हणून एक दिवस घरी पडलो. खाडा लागला. दुसऱ्या दिवशी टोळीतनं नाव गायब.

दोस्तांनो, २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, सरकारी खर्चानं चालणाऱ्या दवाखान्यात मनावरचे उपचार हा हक्क आहे. मग दवाखान्यात जायचा दिवस मालकाच्या वहीत खाडा कसा?

योगाचे वर्ग नकोत. आठ तासांची पाळी द्या. आजारपणाची भरपगारी रजा द्या. शिवराळ मुकादम हटवा. झोप आमची लुटलीत. दया नको, हिशेब द्या!