चेंबर बघितला का?

मी आपल्या हॉस्टेलला होतो तेव्हाही इंजिनाच्या गप्पा निघाल्या की सगळे हॉर्सपॉवरवर तुटून पडायचे. चेंबरचं, म्हणजे ऑईल पॅनचं, कुणी नावही काढत नसे. मीही त्यातलाच!

पुढे एमएस करताना अमेरिकेत आम्ही तिघांनी 1978 च्या शेव्हरोले सी-10 पिकअपमध्ये सिल्वेराडोचं 5.3 लिटरचं इंजिन उतरवलं. माउंटिंग जुळलं, पण ट्रकचा खोल चेंबर क्रॉसमेंबरच्याही खाली लोंबत होता. एक दगड लागला की खेळ खल्लास! मी म्हटलं, कापून वेल्ड करू. पण तो पत्र्याचा डबा नव्हता. ॲल्युमिनियमचं कास्टिंग, बेलहाउसिंगलाही बोल्टने जोडलेलं. शेवटी 1998 ते 2002 च्या कॅमेरोचा उथळ चेंबर आणला. पैसे वाचवायला सक्शन पाईप मात्र जुनाच ठेवणार होतो. तो तळाला टेकला. तसेच बोल्ट आवळले असते तर तेलाविना बेअरिंग गेलीच असती. मग पाईप, विंडेज ट्रे, डिपस्टिक, सगळं त्याच चेंबरचं घ्यावं लागलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: इंजिनाचे पैसे मोजण्याआधी गाडीखालची जागा मोजा. आणि सर, व्हायवात टॉर्क जरूर विचारा, पण पोरांना एकदा स्केल घेऊन गाडीखालीही घाला!