संदकफूचा चढ आणि मोठ्या इंजिनाचा मोह

दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांगहून 3,636 मीटर उंचीवरील संदकफूला जाणाऱ्या वाटेवर 1950च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या अजूनही प्रवासी आणि सामान वाहतात. चारही चाकांना जोर देणाऱ्या या उघड्या गाड्यांपैकी अनेकींचे मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच निघाले असून त्या जागी महिंद्राच्या जीपचे, आकाराने मोठे डिझेल इंजिन बसले आहे. पर्यटकांना यात स्थानिक कारागिरांचे कौतुक वाटते, तर कायद्याच्या चौकटीतून पाहणाऱ्याला नियमभंगाची शंका येते. कौतुक आणि शंका दोन्ही स्वाभाविक आहेत. परंतु गाडीच्या अंगी काय झेपेल, हा मूळ प्रश्न दोहोंतही सुटून जातो.

प्रथम शक्तीचा हिशेब पाहावा. माणसे आणि ओझे धरून 1,800 किलोग्रॅम वजनाची गाडी पाचास एक अशा चढावर ताशी 10 किलोमीटर वेगाने जात आहे, असे मानू. चढाविरुद्ध सुमारे 3,500 न्यूटन आणि खडबडीत वाटेच्या विरोधापोटी आणखी 900 न्यूटन बल लागेल. या वेगाला त्याची शक्ती भरते 12 किलोवॉट, म्हणजे जेमतेम 16 अश्वशक्ती. जुने इंजिन सुमारे 50 अश्वशक्तीचे होते. संदकफूच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच उरते, त्यामुळे टर्बोविना चालणाऱ्या इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. तरीही 35 अश्वशक्ती उरते. चढ चढण्यासाठी मोठे इंजिन अपरिहार्य होते, हा समज या हिशेबापुढे टिकत नाही.

दुसरी बाब टॉर्कची, म्हणजे चाक फिरवणाऱ्या पिळाची. या गाडीच्या सर्वांत खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क सुमारे 40 पट होऊन चाकांपर्यंत पोहोचतो. मूळ इंजिनाचे सुमारे 110 न्यूटन-मीटर तेथे 4,400 होतात. वाटेतील घर्षणाची घट वजा करून आणि चाकाची त्रिज्या 37 सेंटिमीटर धरून जमिनीवर सुमारे 10,000 न्यूटन बल उतरते. सुट्या खडीवर टायरची पकड वजनाच्या सहा दशांश मानली, तर तिची मर्यादाही 10,500च्या आसपास येते. याचा अर्थ असा, की सपाटीवर मूळ इंजिनच पकडीच्या सीमेपर्यंत पोहोचत होते. 180 न्यूटन-मीटरचे इंजिन बसवले, तरी जमीन त्याहून अधिक बल स्वीकारणार नाही. उरलेला जोर चाके घसरवण्यात जाईल. आणि एखादे चाक दगडांत अडकले असेल, तर तो पीळ हाफ शाफ्टवर किंवा गिअरबॉक्सच्या दात्यांवर येईल. ते घटक ज्या टॉर्कसाठी घडवले होते, तो आकडा इंजिन बदलल्याने बदलत नाही.

खरी परीक्षा उतरताना होते. माथ्यापासून 1,500 मीटर खाली येताना ही गाडी सुमारे 26 मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा गमावते. एवढ्या उष्णतेत दहा लिटर थंड पाण्याची संपूर्ण वाफ होईल. ही उष्णता इंजिनाच्या विरोधातून आणि ब्रेकच्या ड्रममधून बाहेर पडावी लागते. डिझेल इंजिन जड असल्याने पुढच्या ॲक्सलवरचा भार वाढतो आणि उतारावर तो आणखी पुढे सरकतो. सपाट रस्त्यावर वेग दीडपट झाला, तर थांबवायची गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. मोठे इंजिन बसवून ब्रेक, स्टिअरिंग आणि स्प्रिंगा जुन्याच ठेवणे म्हणजे घराचे मजले वाढवताना पाया न पाहणे होय.

मग हे बदल चुकीचेच होते काय? तसे म्हणता येत नाही. त्यांमागचे बळकट कारण शक्तीचे नसून दुरुस्तीचे होते. परदेशी इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले, जीपचे मात्र जवळच्या बाजारात मिळत होते आणि डिझेलचा खर्चही कमी होता. ज्या डोंगरात आजारी माणसालाही याच गाडीने खाली आणावे लागते, तेथे सुट्या भागाची उपलब्धता हासुद्धा सुरक्षिततेचाच भाग आहे. दुसरीकडे, ही वाट सिंगलिला राष्ट्रीय उद्यानाच्या, म्हणजे लाल पांडाच्या अधिवासाच्या कडेने जाते. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर तेथे क्षम्य ठरू नये.

कायद्याची भूमिका अशा तोलमापाला फारशी जागा ठेवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 अन्वये पूर्वी नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने बदल करता येत. 2000 सालच्या दुरुस्तीनंतर निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई झाली, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ठामपणे अधोरेखित केली. बेबंद फेरफारांच्या देशात ही कठोरता समजण्याजोगी आहे. परंतु कागदाशी जुळणे आणि रस्त्यावर सुरक्षित असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. झिजलेले ब्रेक असलेली मूळ गाडी कागदावर निर्दोष असते. ब्रेक आणि ॲक्सलसह विचारपूर्वक बदललेली गाडी मात्र दोषी ठरते.

यावर तोडगा याच कायद्यात दडलेला आहे. सीएनजी, एलपीजी आणि विद्युत संच जुन्या वाहनांत बसवण्यास तो परवानगी देतो. अट एवढीच, की संच प्रमाणित असावा. तीच वाट इंजिनबदलासाठी खुली करता येईल. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट आणि इंदूरजवळच्या पीथमपूरची नॅट्रॅक्स या संस्थांकडे चाचणीची साधने आहेत. ठरावीक गाडी आणि ठरावीक इंजिन यांची जोडी एकदाच तपासावी: ॲक्सलला झेपणारा टॉर्क, लांब उतारावर तापलेल्या ब्रेकची कामगिरी, पुढच्या ॲक्सलवरील भार, धुराचे मोजमाप. उत्तीर्ण जोड्यांची यादी जाहीर व्हावी. यादीबाहेरच्या बदलाला दंड अवश्य व्हावा. तपासणीचा खर्च एकेका चालकावर लादला, तर यादी कागदावरच राहील. तो शासनाने उचलावा.

गाडी ही एक साखळी आहे आणि इंजिन तिचा केवळ एक दुवा. एक दुवा जाड केल्याने साखळीची ताकद वाढत नाही, तुटण्याची जागा तेवढी बदलते. कारागिराच्या हाताला हे अनुभवाने कळते. नियमांनी आता ते मोजून पाहावे.