नाव कशाला? सनद दाखवा!

विकिपीडियावर कोणीही येतो, काहीही लिहितो आणि नाव न सांगता निघून जातो. तेव्हा तिथे लिहिणाऱ्या प्रत्येकाला खऱ्या नावाची सक्ती करा, अशी मागणी आता आपल्या समाजातले सुशिक्षितही करू लागले आहेत. आमचा या मागणीला स्पष्ट विरोध आहे.

मागणीमागची चीड आम्हांला समजते. २००५ साली अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सायगेनथॅलर यांच्या चरित्रात एका निनावी माणसाने थाप घुसडली, की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांच्यावर संशय होता. ती थाप चार महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली. २०२२ च्या आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला आणि त्याच्या पानावर लगेच खलिस्तानचे नाव चिकटवले गेले. एका झेलावरून देशनिष्ठा कशी मोजली जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण नाव आणि पदवी मिळाली म्हणजे खरेपणा मिळाला का? 'एसजे' या टोपणनावाचा एक वजनदार संपादक स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवून घेत असे आणि वादात त्या पदवीचा धाक दाखवत असे. २००७ मध्ये उघड झाले, की तो चोवीस वर्षांचा तरुण होता आणि ती पदवी त्याच्याकडे नव्हतीच. लोकांनी मजकुराऐवजी पदवीवर विश्वास ठेवला, तिथेच फसगत झाली.

आपल्या देशात नाव म्हणजे नुसते नाव नसते. त्यात धर्म असतो, जात असते. तेच वाक्य, तोच ग्रंथाधार, तोच पृष्ठ क्रमांक. पण लिहिणारा कुलकर्णी असला तर ते संशोधन ठरते आणि शेख असला तर त्याचा हेतू शोधला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने विकिपीडियाच्या संपादकांवर गुन्हा नोंदवला. नावाची सक्ती झाली तर इतिहासावर लेखणी उचलायला आपली किती मुले धजतील?

मुस्लिम देशांतही वेगळे चित्र नाही. सौदी अरेबियात उसामा खालिद आणि झियाद अल-सुफयानी या विकिपीडियाच्या दोन स्वयंसेवकांना २०२० मध्ये अटक झाली आणि पुढे त्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. नावे कळल्यावर काय होते, ते इथे दिसते.

यावर कोणी म्हणेल, आपले मुहद्दिस तर रावीचे नाव विचारत. मजहूल, म्हणजे अज्ञात रावीची रिवायत कमजोर मानत. अगदी खरे! पण ते नाव कशासाठी विचारत? हा माणूस सच्चा आहे का, त्याची स्मरणशक्ती कशी आहे, ज्याच्याकडून ऐकले असे सांगतो त्याला तो भेटला होता का, हे तपासण्यासाठी. सर्वाधिक हदीस ज्यांच्याकडून आल्या, ते हजरत अबू हुरैरा (रजि.) कुनियतीनेच ओळखले जातात, त्यांच्या मूळ नावाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. म्हणून त्यांच्या रिवायती कोणी बाजूला ठेवल्या नाहीत. लोकांना त्यांचे चारित्र्य ठाऊक होते आणि सनद समोर होती.

विकिपीडियाकडेही आपण हेच मागावे. प्रत्येक विधानाला आधार हवा. आधार नसेल तर विधान काढावे, मग लिहिणारा कोणीही असो. टोपणनाव चालेल, पण ते कायम एकच असावे, म्हणजे त्या नावाखाली काय काय लिहिले गेले ते कोणालाही पडताळता येते. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल नोंदला जातो. तो उघडून पाहण्याची सवय आम्ही शिक्षकांनीच मुलांना लावली पाहिजे. आणि खरोखर बदनामी झालीच तर न्यायालयाचा मार्ग आहे. एएनआय वृत्तसंस्थेच्या खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात असाच तोडगा निघाला: समन्स विकिमीडियाने संपादकांना पोहोचवायचे आणि त्यांची माहिती सीलबंद लिफाफ्यात फक्त न्यायालयाला द्यायची. म्हणजे जाब विचारता येतो आणि जमावाच्या हाती पत्ताही लागत नाही.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आणि उर्दू २००४ पासून सुरू आहे. आपले लेखक, आपल्या वस्त्या, आपले सण यांची पाने आपण लिहिली नाहीत, तर दुसरे लिहितील आणि त्यांना वाटेल तशी लिहितील. तेव्हा एक टोपणनाव घ्या, हाताशी ग्रंथ ठेवा आणि लिहायला बसा.