दार उघडलं, उंबरा इंग्रजीचा



१८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हंगामी आदेश दिला आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे खडकवासल्याच्या एनडीएची, प्रवेश परीक्षा मुलींना खुली झाली. पहिल्या तुकडीत मुलींसाठी १९ जागा होत्या. मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. दार उघडलं याचा आनंद आहेच. पण त्या दारातून कोणत्या घरातल्या मुली आत जाणार, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

लष्कराबद्दल आपल्या चळवळीत एकमत नाही. युद्धाचे गोडवे मीही गात नाही. तरीही पगार, अधिकार आणि मान असलेली नोकरी घ्यायची की नाकारायची, हे बाईने स्वतः ठरवावं. तिच्या भाषेमुळे ते परस्पर ठरू नये.

राजारामपुरीत आमच्या बैठकांना आसपासच्या गावांतल्या मुली येतात. हा फौजेला माणसं देणारा जिल्हा. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. पण परंपरा जवानांची, अधिकाऱ्यांची नव्हे. एनडीएचा विषय निघाला की मुली धावण्याबद्दल विचारत नाहीत. त्या विचारतात, ‘ताई, इंग्रजीचं काय?’

त्यांची धास्ती खोटी नाही. लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात गणिताचे ३००, सामान्य ज्ञान व विज्ञानाचे ४०० आणि इंग्रजीचे २०० गुण. गणित आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न इंग्रजी व हिंदीत येतात, मराठीत नाहीत. पुढे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, आणखी ९०० गुणांची. तिथे एक शब्द दाखवतात आणि पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचं असतं. मनातल्या मनात भाषांतर करत बसणाऱ्या मुलीला एवढा वेळ कसा पुरणार?

नियम तर मुलामुलींना सारखाच आहे, असं कुणी म्हणेल. कागदावर सारखा आहे, घरात नाही. आपल्या कितीतरी घरांत मुलगा फी भरून इंग्रजी माध्यमात जातो आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत. मुलाच्या क्लासला पैसे निघतात. मुलीच्या वेळी ‘तिला काय, लग्नच तर करून द्यायचंय’. घराने आधी केलेला भेदभाव परीक्षा नंतर गुणांत मोजते, आणि त्याला गुणवत्ता म्हणते.

अधिकाऱ्याला इंग्रजी यायला हवं, हे मला मान्य आहे. पण ते प्रवेशाआधीच पक्कं का हवं? एनडीएमध्ये अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन अशा परकीय भाषा शिकवल्या जातात, आणि त्या येत नाहीत म्हणून कुणाला प्रवेश नाकारत नाहीत. तीन वर्षांत चिनी शिकवता येते, तर गणितात हुशार असलेल्या मुलीचं कच्चं इंग्रजी पक्कं करता येणार नाही?

एनडीएची परीक्षा घेणारा केंद्रीय लोकसेवा आयोगच नागरी सेवांची मुख्य परीक्षा मराठीतून लिहू देतो, मुलाखतही मराठीतून घेतो. तिथे इंग्रजीत फक्त पास व्हावं लागतं, ते गुण निकालात धरत नाहीत. सैनिकी शाळांच्या सहावीच्या प्रवेशाला मराठी चालते, नववीच्या प्रवेशाला चालत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची शिपाई भरती परीक्षा २०२४ पासून मराठीतही होते. म्हणजे शिपाई व्हायला मराठी चालते, कलेक्टर व्हायलाही चालते. लष्करी अधिकारी व्हायला मात्र नाही. याचं उत्तर आपण मागायला हवं.

आपल्या मागण्या साध्या आहेत. एक, गणित आणि सामान्य ज्ञानाच्या प्रश्नपत्रिका मराठीसह सर्व भारतीय भाषांत असाव्यात. दोन, इंग्रजीचा पेपर पास होण्यापुरता ठेवावा. तीन, मुलींसाठी राज्य सरकारने नाशिकला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली आहे, तशी मोफत तयारी आणि बोलण्याच्या इंग्रजीचे वर्ग तालुक्याच्या गावी मिळावेत.

चौथी मागणी सरकारकडे नाही, आपल्याच घरांकडे आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच मातीत आज शाळेची फी भरताना मुलगा-मुलगी असा हिशेब होतो. पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या वीस घरांची नोंद करावी: मुलगा कोणत्या माध्यमात, मुलगी कोणत्या, आणि हे कुणी ठरवलं. नोंदी आमच्याकडे पाठवा. निवेदन देताना त्या हाताशी हव्यात.