विश्लेषण : सायकल शर्यतीच्या नावाने दिलेली देणगी नेमकी कुठे जाते?

पावसाळा सरला की नाशिकच्या हौशी सायकलपटूंचा मोसम सुरू होतो. अवजड वाहनांची गर्दी होण्याआधी, भल्या पहाटे द्वारका चौक ओलांडून कुणी पुणे रस्त्याने सिन्नरकडे, तर कुणी मुंबई महामार्गाने कसारा घाटाकडे निघते. याच काळात मोबाइलवर आवाहनेही येऊ लागतात. अमुक शर्यतीत उतरतो आहोत, तमुक कामासाठी मदत करा, आणि खाली क्यूआर कोड. हेतू चांगलाच असतो. पण दिलेल्या हजार रुपयांतले किती रुग्णाला किंवा विद्यार्थ्याला मिळणार आणि किती संघाच्या प्रवासावर खर्च होणार, हे त्यात लिहिलेले असेलच असे नाही. ते लिहिण्याची शिस्त लावून घेणे आता गरजेचे आहे आणि त्याची सुरुवात नाशिकने करावी.

नाशिकनेच का?

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये नाशिकचे नाव मोठे आहे. ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर चालते. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी २०१५ मध्ये ती दोघांच्या गटात ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा हा पहिला भारतीय संघ. त्यांच्या संघाच्या नावातच ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ असे शब्द होते, कारण आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी मदत उभी करणे हा त्यामागचा हेतू होता. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर असलेले श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. गोकुलनाथ तेव्हा नाशिकमध्ये नेमणुकीस होते. शर्यत आणि समाजकार्य यांची जोडी या शहराला नवी नाही. म्हणूनच तिचे नियमही इथेच ठरायला हवेत.

हौशी संघाचा खर्च कशावर होतो?

मोसमाची सुरुवात बहुधा ‘ब्रेव्हे’पासून होते. ही शर्यत नसते, ठरलेल्या वेळेत अंतर कापायचे असते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तर ६०० किलोमीटरसाठी ४० तास मिळतात. स्वतःचे खाणेपिणे आणि पंक्चर स्वतःच पाहायचे असल्याने खर्च बेताचा असतो. पुढची पायरी म्हणजे पुणे ते गोवा ही सुमारे ६४३ किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’, जी अमेरिकेतील शर्यतीची पात्रता फेरीही आहे. इथे सायकलपटूमागे मदतनीसांची गाडी लागते आणि खर्चाचे गणित बदलते. अमेरिकेला जायचे तर विमान, व्हिसा, प्रवेश शुल्क, भाड्याच्या गाड्या, इंधन आणि आळीपाळीने जागणारे मदतनीस हे सगळे आले. हा खर्च खरा आहे आणि तो कुणीतरी करायलाच हवा. पण तो धर्मादाय खर्च नाही.

दोन्ही पैसे एकाच खात्यात आले तर काय बिघडते?

समजा, एका संघाने दहा लाख रुपये जमवले. त्यातले सात लाख प्रवासावर गेले आणि तीन लाख रुग्णालयाला दिले. यात कुणी लबाडी केलेली नाही. तरीही हजार रुपये देणाऱ्याला आपले हजार रुपये रुग्णालयात गेले असे वाटते, प्रत्यक्षात तिथे तीनशेच पोहोचलेले असतात. हे त्याला नंतर कळले तर पुढच्या वर्षी तो कुणालाच देत नाही. त्याचा फटका सगळ्यात आधी बसतो तो ज्याच्यासाठी पैसे मागितले त्याला.

एखाद्या कंपनीने जर्सीवर नाव छापण्यासाठी पैसे दिले तर ते प्रायोजकत्व. मित्राने रुग्णासाठी दिले तर ती देणगी. दोन्हींना ‘मदत’ हा एकच शब्द वापरल्याने घोळ होतो.

कायदा काय सांगतो?

गणेशोत्सव मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हे अनेकांना माहीत असते. त्यामागे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क आहे. नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्यांना ते लागू होते. सायकलपटूंचा गट त्याला अपवाद नाही.

दुसरा मुद्दा आयकराचा. ‘८० जी’ या नावाने ओळखली जाणारी सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते. संघाच्या कप्तानाच्या यूपीआयवर पाठवलेल्या पैशांवर ती मिळत नाही. दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तरी मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर मुळीच नाही.

परदेशातील शर्यतीत आणखी एक गुंतागुंत असते. तिथले नातेवाईक आणि मित्र आनंदाने पैसे देतात. पण देणाऱ्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर तो मूळचा मराठी असला तरी ती परकीय देणगी ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावे लागतात.

इतरत्र काय पद्धत आहे?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘पॅन-मास चॅलेंज’ ही सायकल फेरी यासाठी पाहण्याजोगी आहे. १९८० मध्ये ३६ सायकलस्वारांनी १०,२०० डॉलर जमवून तिची सुरुवात केली. आज डेना-फार्बर या कर्करोग संस्थेसाठी जमलेली एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. तिथला नियम साधा आहे. सायकलस्वाराने जमवलेली देणगी पूर्णपणे संस्थेला जाते आणि आयोजनाचा खर्च प्रायोजक व प्रवेश शुल्कातून भागवला जातो. कबूल केलेली किमान रक्कम जमली नाही, तर उरलेली सायकलस्वाराच्याच खिशातून वसूल होते. लोक दरवर्षी देतात, याचे मोठे कारण हा स्पष्टपणा आहे.

‘प्रति किलोमीटर’ देणगी योग्य आहे का?

‘जितके किलोमीटर, तितके रुपये’ ही कल्पना आकर्षक वाटते. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत झोप अपुरी होते, लक्ष उडते आणि शेजारून ट्रक जात असतात. अशा वेळी थांबणे हाच शहाणपणा असतो. थांबलो तर रुग्णांचे पैसे बुडतील, हे ओझे सायकलपटूच्या डोक्यावर असता कामा नये. देणगी शर्यतीच्या निकालावर अवलंबून नाही, हे आवाहनातच लिहावे.

हिशेब मागणे म्हणजे अविश्वास का?

हौशी सायकलपटू नोकरी-व्यवसाय सांभाळून, बहुतेकदा स्वतःचे पैसे घालून हे करतात. त्यांच्याकडे हिशेब मागितला तर उत्साह मावळेल, असा आक्षेप घेतला जातो. प्रवासाचा खर्चच थेट दान करा, असेही काही जण सुनावतात. दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत. शर्यतीमुळे एखाद्या दुर्लक्षित कामाकडे लोकांचे लक्ष जाते आणि एरवी न मिळालेले पैसे मिळतात. ही शर्यतीची खरी कमाई आहे. पण ती आकड्यांतून दिसली पाहिजे. आपल्याकडे चांगली मंडळे उत्सवानंतर जमाखर्च छापतात, त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

मग करायचे काय?

देणगीचा क्यूआर कोड संघाचा नव्हे, तर थेट लाभार्थी संस्थेचा असावा आणि पावतीही तिनेच द्यावी. प्रवासाचा खर्च सदस्य आणि प्रायोजकांनी वेगळ्या खात्यातून करावा. ज्यांना संघाच्या प्रवासालाच हातभार लावायचा आहे त्यांनी जरूर लावावा, पण तसे स्पष्ट लिहून मागावे. शर्यत संपल्यावर दोन महिन्यांत किती जमले आणि त्यातून काय झाले, हे ज्या ग्रुपवर पैसे मागितले त्याच ग्रुपवर टाकावे.

देणाऱ्यांनीही पैसे पाठवण्यापूर्वी खाते कुणाच्या नावावर आहे आणि पावती कोण देणार, एवढे विचारावे. ज्या संघाचे काम चोख आहे, त्याला उत्तर द्यायला एक मिनिटही लागणार नाही.